‘दोन, चार, सहा’ तोंडपाठ आहे, पण मोजायला दिलं की गाडी अडते

समोर बारा बटणं होती. मुलगा सहा वर्षांचा, चुणचुणीत, बोलका. मी म्हटलं, "दोन-दोनच्या टप्प्याने मोज बरं." त्याने पहिल्या बटणावर बोट ठेवलं, "दोन." दुसऱ्यावर, "चार." तिसऱ्यावर, "सहा." असं करत बाराव्या बटणावर तो "चोवीस"ला पोचला आणि माझ्याकडे इतक्या आनंदाने बघितलं की चूक सांगायचं माझ्या जिवावर आलं. म्हटलं, आता एकेक करून मोज. बारा आली. "मघाशी चोवीस होती, आता बारा. असं कसं रे?" त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "दोन-दोनने मोजलं की जास्त होतात, ताई."

आई शेजारीच होती. "घरी शंभरपर्यंत धडाधड म्हणतो हो," ती ओशाळून म्हणाली. म्हणतो यात शंकाच नाही. पण ही तक्रार आली की बहुतेक घरांत उपाय एकच होतो, अजून पाठांतर. पाठांतर तर पक्कंच आहे. बिघाड दुसरीकडे आहे. आणि तो प्रत्येक मुलात एकाच जागी नसतो, म्हणून आधी मूल नेमकं कुठे अडतंय ते बघावं लागतं. खाली मी वारंवार बघितलेल्या अडचणी आणि त्यांवर चाललेले उपाय लिहिते आहे. सगळं एकदम करायला जाऊ नका. आपल्या मुलाची अडचण ओळखा, तेवढंच वाचा.

त्याआधी एक तपासणी. वीसेक वस्तू पसरून ठेवा आणि एकेक करून मोजायला सांगा. एखादी वस्तू सुटत नाही ना, एखादी दोनदा मोजली जात नाही ना, हे बघा. मोजून झाल्यावर विचारा, "मग किती आहेत?" मूल लगेच शेवटचा आकडा सांगत असेल तर पुढे जा. पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलं, तर ‘शेवटी म्हटलेली संख्या म्हणजे सगळ्या मिळून किती’ हे अजून बसलेलं नाही. अशा वेळी टप्पे बाजूला ठेवा आणि महिनाभर नुसतं एकेक मोजा. यात कमीपणा काही नाही. मात्र सात-आठ वर्षांच्या मुलाची पाच-सहा वस्तू मोजतानाही सतत गडबड होत असेल, तर शिक्षकांशी आणि तज्ज्ञांशी बोलायला उशीर करू नका.

प्रत्येक वस्तूला ‘दोन, चार, सहा’

बटणांची गोष्ट ती हीच. सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात चुकीच्या पद्धतीने हाताळली जाणारी.

रोशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मुलं मोजताना कोणते नियम पाळतात ते मांडलं. त्यातला पहिलाच नियम असा की एका वस्तूला एकच संख्या-शब्द. दोन-तीन वर्षं मूल हाच नियम घोटत असतं, आपणही तेच घोटून घेतो: "एकावर एकदाच बोट ठेव, घाई करू नको." आणि एके दिवशी अचानक सांगतो, आता दोघांना मिळून एक शब्द म्हण. मूल आपण शिकवलेला नियम इमानेइतबारे पाळतं, शब्द तेवढे नवे वापरतं. माझ्या लेखी ही चूक म्हणजे आधीचं शिक्षण नीट झाल्याची पावती आहे. त्यामुळे रागावण्यासारखं यात काही नाही.

उपाय हाताचा आहे, तोंडाचा नाही. टेबलावर एक दोरी आडवी ठेवा. बटणं दोरीच्या अलीकडे. मुलाने दोन बोटांनी दोन बटणं एकदम पलीकडे सरकवायची आणि ती दोरीपलीकडे गेल्यावरच बोलायचं. बटणं सरकण्याआधी तोंड उघडलं तर जोडी परत अलीकडे. मुलांना ही शिक्षा फार आवडते, मुद्दाम चुकतात. पहिले काही दिवस मधली संख्या कुजबुजून म्हणू द्या: हळूच "एक", मोठ्याने "दोन", हळूच "तीन", मोठ्याने "चार". मग कुजबुज मनातल्या मनात न्यायची. टप्प्याने मोजणं म्हणजे मधल्या संख्या गाळणं नाही, त्या न बोलता ओलांडणं आहे, हे कुजबुजीतून जितकं कळतं तितकं समजावून सांगून कळत नाही.

माँटेसरी वर्गात यासाठी मण्यांच्या साखळ्या असतात. पाचच्या छोट्या साखळीत पाच-पाच मण्यांच्या पाच सळ्या म्हणजे २५ मणी, लांब साखळीत १२५ मणी. साखळी जमिनीवर पसरायची आणि प्रत्येक सळीच्या शेवटी ५, १०, १५ अशी बाणाची चिठ्ठी ठेवत जायचं. त्यातली खुबी चिठ्ठीच्या जागेत आहे. संख्या गटाच्या शेवटी येते, मण्यागणिक नाही. साखळी विकत आणायची गरज नाही. दोऱ्यात मणी ओवून दर पाच मण्यांनी रंग बदलला की काम झालं.

आणखी एक सवय लावून घ्या. टप्प्याने मोजून झालं की विचारा, "आता एकेक करून मोजलं तर किती येतील?" मोजायच्या आधी सांगायला लावा. खरी परीक्षा हीच आहे. त्या मुलाला मी तीन आठवडे रोज हे विचारत होते. आधी "माहीत नाही", मग "तेवढीच येतील का?", आणि एक दिवस वैतागून, "ताई, बटणं तीच आहेत ना!" त्यानंतर मी विचारणं बंद केलं.

कार्डावर दोन-दोन ठिपके काढून देण्याचा मार्गही चालतो, पण जपून. गट आयताच मिळाला की मूल कार्डं मोजू लागतं, एक, दोन, तीन. तेव्हा दोन्ही प्रश्न विचारा: कार्डं किती? ठिपके किती? आणि चार-पाच दिवसांत सुट्या वस्तूंकडे परत या, कारण गट करणं हे मुलाचं काम आहे, आपलं नाही.

वीसला पोचल्यावर रूळ बदलतो

"चौदा, सोळा, अठरा, वीस, तीस, चाळीस..." किंवा पाचच्या टप्प्यात "पंधरा, वीस, तीस." ओळखीचं वाटतंय? वीसनंतर तीस हे दहाच्या टप्प्याचं रुळलेलं वळण असतं. दोनची गाडी वीसच्या स्टेशनात शिरते आणि दहाच्या रुळावरून बाहेर पडते.

यात आपल्या मराठी संख्यानामांचाही वाटा आहे. लिहिताना दोनच्या टप्प्याची नक्षी स्वच्छ दिसते: शेवटी २, ४, ६, ८, ० आणि पुन्हा तेच. कानाला मात्र ती सहज सापडत नाही. बावीस, चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस, तीस. मग बत्तीस, चौतीस, छत्तीस, अडतीस, चाळीस. ‘सव्वीस’ आणि ‘छत्तीस’ या दोन्हींत सहा लपलेत हे सहा वर्षांच्या मुलाला कसं कळावं? शिवाय आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. पंचवीस ऐकून ५२ लिहिणारं मूल निष्काळजी नसतं. त्याने पाच आधी ऐकला, म्हणून आधी लिहिला.

म्हणून या अडचणीत कानावर भर न देता डोळ्यांवर द्यावा. १ ते १०० चा दहा-दहाच्या ओळींचा तक्ता घ्या आणि दोनच्या टप्प्यात येणारी घरं रंगवू द्या. पाच उभे पट्टे तयार होतात. पाचच्या टप्प्याचे दोनच पट्टे, दहाचा एकच, अगदी उजव्या कडेला. रंगवलेल्या घरांवर बोट फिरवत वाचायचं. नक्षी एकदा दिसली की नावं तिच्यात बसवायचं काम राहतं, आणि ते पाठांतराचंच काम आहे. तिथे पाठांतराला माझी ना नाही.

पण पाठांतर सुद्धा सगळ्या ओळीचं करू नका. मूल १२ ते १८ मध्ये कधीच चुकत नाही, तरी रोज तेच पहिल्यापासून म्हणत बसतं. चुकतं ते सांध्यावर. मग फक्त सांधे घ्या:

अठरा, वीस, बावीस.
अठ्ठावीस, तीस, बत्तीस.
अडतीस, चाळीस, बेचाळीस.
अठ्ठेचाळीस, पन्नास, बावन्न.
अठ्ठावन्न, साठ, बासष्ट.

रोज एकच सांधा, तीन-चार वेळा, उलटसुलट. आठवड्याभरात साठपर्यंत रस्ता मोकळा होतो.

दहाच्या टप्प्यात एक छोटा खड्डा आहे तोही सांगून ठेवते. सात दशकं म्हणजे किती, विचारलं की उत्तर येतं "साठ". सात आणि साठ कानाला सख्खे भाऊ वाटतात, पण साठ सहाचा आहे. दहा-दहाच्या गठ्ठ्यांशेजारी १०, २०, ३० च्या चिठ्ठ्या ठेवून घेतल्या की हा गोंधळ लवकर मिटतो.

उरलेल्या एकाचं काय?

तेरा बटणं दिली की "...दहा, बारा, चौदा!" एकटं बटण बिचारं जोडीच्या भावात जातं. तसंच दहाचे तीन गठ्ठे आणि चार सुटे ठेवले की "दहा, वीस, तीस, चाळीस, पन्नास, साठ, सत्तर". टप्पा एकदा लागला की थांबवत नाही.

इथे मोजणी न थांबवता टप्पा बदलायचा आहे, आणि लहान मुलाला तो बदल अंगाने करावा लागतो. गठ्ठे संपले की हात मांडीवर ठेवायचे. "किती झाले?" "तीस." मग सुट्यांना हात लावायचा: एकतीस, बत्तीस, तेहेतीस, चौतीस. मांडीवरचा हात हा थांबा. काही दिवसांनी तो आपोआप गळून पडतो. सुरुवातीला मुद्दाम पूर्ण जोड्या होतील अशाच वस्तू देण्याकडे आपला कल असतो. मी तर तिसऱ्या-चौथ्या दिवशीच विषम संख्या देते. लवकर भेटलेली अडचण मुलं सहज घेतात.

पटावर एक घर मागे

संख्यारेषेवर ५ वर बोट आहे. "पाचची उडी मार." मूल पाचवरच "एक" म्हणतं, मग सहावर "दोन", आणि ९ वर येऊन थांबतं. पुढची उडी १३. सगळी उत्तरं चुकतात, आणि गंमत म्हणजे मोजण्यात एकही चूक नसते. उभे आहोत ते घर मोजायचं नाही, पाऊल मोजायचं, एवढंच निसटलेलं असतं. सोंगट्यांच्या खेळातही हेच होतं.

जमिनीवर खडूने रेषा काढा आणि मुलाला खरोखर उड्या मारायला लावा. पाय हवेतून खाली टेकला की आकडा. उभ्या उभ्या "एक" म्हणणं तिथे विचित्र वाटतं, शरीरालाच कळतं. मग कागदावर उडीची कमान काढायची आणि आकडा कमानीच्या टोकाला लिहायचा.

सोंगट्यांच्या खेळात आणखी एक बदल करून बघा. फाशावर तीन पडले आणि सोंगटी २४ वर असेल, तर "एक, दोन, तीन" न म्हणता "पंचवीस, सव्वीस, सत्तावीस" असं घरातले आकडेच वाचत पुढे जायचं. एलिडा लास्की आणि रॉबर्ट सीग्लर यांनी २०१४ मध्ये लहान मुलांना शंभरपर्यंतच्या पटावर या दोन्ही तऱ्हांनी खेळायला दिलं होतं. घरातला आकडा म्हणत पुढे जाणाऱ्या मुलांना संख्यारेषेवर कोणती संख्या कुठे येईल याचा अंदाज जास्त चांगला जमू लागला. खेळ तोच, वेळ तेवढाच, तोंडातले शब्द तेवढे वेगळे.

मधूनच सुरुवात केली की गप्प

"पस्तीसपासून पाच-पाचने पुढे जा." शांतता. मग हळूच, "पाच, दहा, पंधरा..." आणि पस्तीसपर्यंत धावत येऊन पुढे. कॅरन फ्यूसन यांनी १९८० च्या दशकात मोजणीच्या पायऱ्या मांडल्या, त्यात हेच आहे: आधी संख्या-शब्द एकमेकांना चिकटलेली अखंड ओळ असतात, आणि कुठूनही तोडून सुरुवात करता येणं ही नंतरची पायरी. म्हणजे मूल अडलेलं नाही, मधल्या पायरीवर आहे. दोघांनी आळीपाळीने एकेक संख्या म्हणणं हा यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय. तुम्ही "पाच", तो "दहा", तुम्ही "पंधरा". त्याच्या वाट्याला नेहमी मधलीच संख्या येते, त्यामुळे ओळ आपोआप तुटते.

हे जमलं की शून्यापासून न निघणारे टप्पे घ्या. सातपासून दहा-दहाने: सात, सतरा, सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस, सत्तावन्न. तक्त्यावर बोट सरळ खाली उतरतं, आणि इथे मात्र मराठी नावं मदतीला येतात, कारण एकक आधी बोलल्यामुळे प्रत्येक नावाच्या सुरुवातीला तोच सात ऐकू येतो. नऊपासून निघालात तर तयारीत राहा. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असं एकोणनव्वदपर्यंत छान चालतं आणि शेवटी मुलं "एकोणशंभर" म्हणतात. भाषेच्या नियमाने ते अगदी बरोबर आहे! हसून घ्या, नव्व्याण्णव सांगा आणि पुढे चला.

किती उड्या झाल्या तेच आठवत नाही

"पाचच्या चार उड्या मारल्या तर कुठे पोचशील?" मूल सुरू होतं, पाच, दहा, पंधरा, वीस, पंचवीस, तीस, आणि थांबायचं कुठे हेच विसरतं. इथे दोन मोजण्या एकदम चालवाव्या लागतात, उड्यांची आणि बेरजेची. हाच गुणाकाराचा उंबरठा आहे, म्हणून इथे घाई केलेली पुढे महागात पडते.

उड्या बोटांना देऊन टाका, बेरीज तोंडाला. मूठ मिटलेली म्हणजे शून्य. "पाच" म्हणताना एक बोट वर, "दहा" म्हणताना दुसरं. चार बोटं उभी राहिली की थांब. एक सूचना: बोट आणि शब्द एकदमच यायला हवेत. मुलं आधी बोटं उघडतात आणि मागून बोलतात, मग एकाचा फरक पडतो.

पाढा येणाऱ्या मुलांना एक गोष्ट दाखवून द्यावी असं मला फार वाटतं. "पाच त्रिक पंधरा" यात दोन्ही मोजण्या आहेत, ‘त्रिक’ म्हणजे उड्या आणि ‘पंधरा’ म्हणजे पोचलो ते ठिकाण. पण सुरात म्हणताना त्रिक, चोक, पंचे हे शब्द नुसते ठेका होऊन जातात. एकदा पाढा म्हणता म्हणता थांबवून विचारा, "त्रिक म्हणजे काय रे?" मला एकदा उत्तर मिळालं होतं, "ते मध्ये म्हणायचं असतं."

काट्यांचं घड्याळ यासाठी उत्तम आहे. तबकडीवरचा ४ म्हणजे बारापासून चार उड्या, आणि मिनिटं वीस. मोठा काटा ७ वर असेल तर सात बोटं, पस्तीस मिनिटं. आकडा लिहिलेला एक आणि बोलायचा दुसरा, म्हणून मुलं आधी चिडतात, पण उड्यांची भाषा आधी झाली असेल तर तासाभरात घड्याळ हाती येतं.

तीन आणि चार: जरा दमाने

दोन, पाच आणि दहा यांच्या शेवटच्या आकड्यांत लगेच दिसणारी नक्षी असते. तीनमध्ये ती दिसत नाही: ३, ६, ९, २, ५, ८, १, ४, ७, ०, दहाही आकडे येऊन जातात. म्हणून दोनसारखं तीन आलं नाही म्हणून मूल मागे पडलं असं समजू नका. इथे पुन्हा कुजबुज उपयोगी पडते, दोन हळू आणि तिसरा मोठ्याने, चालता चालता, जिन्याच्या पायऱ्या चढताना. तक्त्यावर रंगवलं की तिरप्या रेषा येतात, त्याही मुलांना भारी आवडतात.

चारचा टप्पा मी स्वतंत्र शिकवतच नाही. दोनचा टप्पा पक्का झाल्यावर एक हळू, एक मोठ्याने: (दोन) चार (सहा) आठ (दहा) बारा. शेवटचे आकडे ४, ८, २, ६, ० दर वीसला परत येतात, हे मुलांना रंगवताना आपणच सापडू द्या. सहा, सात, आठ यांना या वयात हात लावू नका. ते पाढ्यांबरोबर येतात. रोज पाच मिनिटं पुरतात, आणि मूल कंटाळलं तर तीनच. माझ्याकडे एक मुलगी सलग चार दिवस फक्त दोरी ओलांडून बटणं सरकवत होती, एक शब्दही न बोलता. पाचव्या दिवशी तिने वीसपर्यंत बिनचूक मोजलं, बटणं डब्यात भरली आणि डबा माझ्या हातात देऊन खेळायला गेली.